मधला नळ

किसुमूच्या फलाटावर तीन नळ होते.
एक साहेबाचा, त्याला पितळी तोटी.
एक मातीत, ज्यांचा तो देश होता त्यांचा.
आम्ही मधल्या नळाचे.

बाप मालधक्क्यावर सरकीची पोती मोजायचा.
साहेब दिवसभरात त्याला जे जे म्हणायचा
ते संध्याकाळी तो घरी आणायचा, थेंबही न सांडता,
आणि पट्ट्यानं आमच्यात वाटायचा.
आईला जास्त.
मी बारदानाच्या खोलीत. बाहेरून कडी.
पत्रा तापायचा, उंदीर ताग कुरतडायचे,
आणि दाराच्या फटीतून अतिएनो एक बोट आत घालायची.
मी ते धरून बसायची.

त्याच अतिएनोच्या नवऱ्याला, पिकल्या केसांच्या माणसाला,
मी 'बॉय' म्हणायची.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
पाण्यातच होतं.

आई तळ्याकडे गेली ते मी पाहिलं.
परत आली नाही, तेही.
मग बोट, एका अनोळखी बाईची ट्रंक, दोन रात्री गाडी,
आणि महालात, लाकडी पुलाजवळ, बयाआत्या शेजारणीला विचारते:
"काहून बोलत नाही वं ही पोट्टी?"

बोलत होती मी. पोटातल्या पोटात, दुसऱ्या भाषेत.
शाळेत हबशीण, घरी बिचारी.
बापाचं वर्षाला एक पत्र यायचं, त्यात हवामान.
तिथला झेंडा बदलला, मग तेही थांबलं.

पुढे मेयोत नर्स झाले. हजारभर पोरं हातावर घेतली,
रजिस्टरात प्रत्येकाची वेळ लिहिली, मिनिटासकट.
स्वतःच्या कागदांवर मात्र जन्मस्थानाच्या रकान्यात
नागपूर लिहीत गेली.
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आज धकात्यांच्या निमूनं गच्चीवर ओढत नेलं.
"आजी, बारा दहाला सावली गायब होते म्हणे. प्रोजेक्ट आहे."
कूलर भरायची बादली तिनं उपडी घातली.
डोक्यावर ओले पंचे, चपला चिकटताहेत,
शहर दारं लावून निजलेलं.
सकाळभर पश्चिमेला रेललेली माझी सावली
सरकत सरकत आली
आणि टाचेखाली शिरली.

ऊन थेट टाळूवर. तिथं असायचं तसं.
तोंडातून निघून गेलं: आचिएंग.

"हे काय?"
"माझं नाव. एका बाईनं ठेवलेलं.
ती रात्री जन्मली म्हणून अतिएनो,
मी भर दुपारची म्हणून हे."
निमूनं बादलीवरची नजर काढली नाही.
"मग तू तर नागपूरचीच झाली नं, आजी."

हसू आलं. फार वेळ टिकलं नाही.
त्या म्हाताऱ्याचं नाव मला आजही माहीत नाही.

तेवढ्यात बादलीच्या दुसऱ्या अंगाला, पूर्वेकडे,
काळी रेघ फुटली, नखाएवढी.
"आली!" निमू ओरडली,
आणि तिनं वेळ लिहून घेतली.