मंगळवार

डॉक्टरांनी कागदावर तीन आकडे लिहून दिले.
ओफेलियाने तो फ्रीजवर लावला,
मिरचीच्या आकाराच्या चुंबकाखाली,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जणू आकडे मीच वाढवलेत.
थोडे मीच. रविवारी डुकराचं मांस
त्याच्याच चरबीत मीच तर तळायचो.

म्हणून आज शाळेची बस डेपोत लावून
हात कोपरापर्यंत धुतले
आणि ओट्यापाशी उभा राहिलो.
लास क्रूसेसमध्ये सप्टेंबर:
दुकानांबाहेर जाळीच्या पिंपांत
हिरव्या मिरच्या गरगरा भाजतायत,
अख्ख्या गावाला ठसका लागलाय
आणि कुणाची तक्रार नाही.

टॉर्टिया कोरड्या तव्यावर शेकतो.
तेल नाही म्हणून आधी रुसतात,
मग कड उचलून सांगतात, उलट आता.
टर्कीचा खिमा नव्या पाहुण्यासारखा,
स्वतःचं मत नसलेला,
द्याल ते मुकाट घेतो: जिरं, लसूण,
तळहातावर चुरडलेला ओरेगानो,
भाजक्या मिरचीचा गर.
झुकिनी किसली, मीठ लावून पिळली.
"पिळतोस कशाला?" इत्सेल विचारते.
नाहीतर ट्रेमध्ये पूर येतो, बाळा.
घेवडे त्यांच्याच पाण्यात ठेचले.
चरबीचा जुना डबा सिंकखाली आहे,
आता त्यात स्क्रू असतात.

मग थर. टॉर्टिया, सॉस, खिमा, परत टॉर्टिया.
चीझ शेवटी, काट्यावर तोलून,
सोनाराने गुंज तोलावी तसं.
भुरभुरलं तर मधूनमधून
खालची लाली दिसतच राहिली.
चाळीस मिनिटं.

सासरे, डॉन निकानोर, वय एक्याऐंशी,
जेवताना टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात.
पहिला घास. काटा थांबला.
"चीझ कुठाय?"
"आहे की, वर."
"मला दिसत नाही."
"चष्मा लावा, बाबा," ओफेलिया म्हणाली.
त्यांनी खरंच लावला.
वाकून पाहिलं. पोरं फिदीफिदी हसली.
मी पाण्याचा जग उगाच भरून आणला.

परतलो तर ते दुसरा तुकडा घेत होते.

"माझी आई हेच करायची," ताटाशीच बोलल्यासारखं म्हणाले.
"शेळी आटली नसेल तर चीझ, नखाएवढं.
चरबी? असली तर ना!
भोपळे कुंपणावरचे, कोवळेच तोडायचो,
पिकेपर्यंत धीर कुणाला?
तेव्हा याला हलकं कुणी म्हणत नसे.
आम्ही याला मंगळवार म्हणायचो."

कुणीच काही बोललं नाही.
इत्सेलने बोटावर वार मोजले,
आज गुरुवार होता.

"आणि नदी ओलांडून आलो
ते जरा जास्त चीझ मिळावं म्हणून,"
एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
आणि हसले, खोकला येईपर्यंत.

ट्रेमध्ये शेवटी एक कोपरा उरला,
कडेला चिकटून चीझ काळंभोर करपलेला,
या घरात ज्याच्यावरून भांडणं होतात तो.
म्हाताऱ्याने सुरीने खरवडून उचलला,
हात जरा थरथरला,
आणि लेकीच्या ताटात ठेवला.

ओफेलियाने खुर्ची वळवून घेतली,
फ्रीजकडे पाठ केली,
आणि खाल्ला.