दोन सूत

चेंबूरच्या साइटवर मी मस्टर लिहिते.
पत्र्याची खोली, खुरडत फिरणारा टेबलफॅन,
आणि कॉलम आधीच छापून आलेले:
मिस्त्री, बाराशे.
बिगारी, आठशे.
बिगारी, कंसात स्त्री, साडेपाचशे.

केवळाबाई त्या कंसात बावीस वर्षं राहते.
घमेल्याला कंस नसतो.
ते सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच बसतं.

परवा चौदाव्या मजल्यावर, १४०३च्या बाथरूममध्ये,
माल उतरवता उतरवता ती म्हणाली,
"भिंत दोन सूत भाईर हाय."
इंद्रजित मिस्त्री हसला. मग त्यानं ओळंबा सोडला.
लट्टू हलत राहिला, हलत राहिला,
थांबला.
दोन सूत.

त्यानं चार ओळी उखडल्या, काही न बोलता.
माणूस वाईट नाही तो.
जेवणाच्या सुट्टीत थापी तिच्या हातात दिली,
"कमोडच्या मागचं लाव. तिथं कोण बघतंय."
तिनं नऊ टाइल्स लावल्या.
मी सांध्यांवरून नख फिरवलं.
कुठेच अडलं नाही.

संध्याकाळी मस्टर उघडलं आणि पेन अडलं.
मिस्त्रीण लिहावं, तर ती मिस्त्रीची बायको होते,
जशी मास्तरांची मास्तरीण,
जिला शाळेचा पगार कधी मिळाला नाही.
नुसतं मिस्त्री लिहावं, तर वरून विचारणार, हा कोण?
काळसेकर म्हणाले, "रेट ठरलेला असतो, मॅडम."
कोणी ठरवला,
ते त्या वाक्यात नव्हतंच.

मग मी स्टेपलर शोधायला खालचा खण उघडला.
स्टेपलर नव्हता.
माझ्याआधी इथे बसणाऱ्या नितेशचं पगाराचं व्हाउचर होतं.
हेच टेबल, हाच पंखा, हेच मस्टर.
माझ्यापेक्षा साडेचार हजार जास्त.
आणि अक्षर, देवा, काय ते अक्षर!
साताचा एक वाटायचा.

शनिवारी पगार.
केवळाबाई चुंबळ काखेत धरून रांगेत शेवटी.
मी हळूच विचारलं,
"बाई, तुमच्यापुढे काय लिहू? मिस्त्री?"
तिनं माझ्याकडे पाहिलं,
भिंतीकडे पाहते तसं,
एक डोळा बारीक करून.

"आदी पैशे लिव्ह," म्हणाली,
"नाव मागनं बघू."

आणि जाता जाता, चुंबळ झटकत,
"तुजं किती सूत भाईर हाय?"