पाटे

गाडी लाल. जमिनीपासून चार बोटं वर.
आत शिरायचं म्हणजे अंग आधी विहिरीत सोडायचं,
मग पाय एकेक करून ओढून घ्यायचे.
शेठचा अंशुल हसतो :
"नेवारे काका, नमस्कार घालूनच बसा."

पहिल्याच आठवड्यात त्याची कंबर धरली.
तेव्हापासून पालांदूर ते नागपूर गाडी मी नेतो,
तो मागून मोठ्या गाडीत, गादीवर, येतो.
शहराच्या वेशीवर आम्ही जागा बदलतो.
फोटोत तो असतो.

राइस मिलच्या फाटकात वजनकाट्याची लोखंडी पट्टी आहे.
ट्रक तिच्यावरून जातो, ट्रकला कळत नाही.
मला कळतं.
माकडहाडात टिचकी बसते,
मणका मणका चढत वर जाते
आणि कवटीचं दार आतून वाजवते.

लाखनीपर्यंतचा रस्ता मी पाठीने पाठ केलाय :
नहराच्या पुलाआधीचे तीन खड्डे कंबरेला.
शाळेपुढचा बंपर दातांना.
धानाचा ट्रॅक्टर उलटला होता तिथली डांबराची ठिगळं
पोटाच्या खाली कुठेतरी,
लघवी लागल्यासारखी होते, लागलेली नसते.
आणि एक बारीक खडी, कुठली ते सापडत नाही,
ती रोज डाव्या अंगठ्यात मुंग्या सोडते.

टायर नावाला, रबर बोटभर.
सीट दोन्हीकडून बरगड्या धरून ठेवते,
जसा काही मी पळून जाणार आहे.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, काम काय करता?
म्हटलं, बसतो.
त्यांनी लिहून घेतलं : बैठे काम.

बाप शंकरपटात छकडी हाकायचा.
दोन चाकं, एक आस, पाय टेकण्यापुरती फळी.
जोडी सुटली की धुरळ्यात तो एवढासा दिसे,
गुडघ्यात वाकलेला, जबडा सैल, जीभ दातांपासून लांब.
मला सांगायचा,
"गाडीले पाटे नसले ना गा,
तं माणसाले पाटा व्हा लागते."
रात्री पालथा पडून राही.
आई फडक्यात गरम वीट गुंडाळून पाठीवर ठेवी.
मला वाटे, पट हरला म्हणून पडलाय.
तो जिंकून आल्यावरही तसाच पडायचा
हे फार उशिरा ध्यानात आलं.

धक्का मरत नाही.
रस्ता चाकाला देतो, चाक आसाला,
आस वरच्या लोखंडाला,
आणि लोखंड फार वेळ स्वतःजवळ ठेवत नाही काही.
कोणीतरी शेवटचा असतो.

पण खोटं कशाला बोलू?
लाखनीनंतर हायवे लागतो.
तिथे एक पट्टा आहे, नवा, काळाभोर,
काटा एकशेवीसच्या पुढे गेला
की हीच आडमुठी गाडी जमिनीला चिकटते,
माझ्या तळव्यात रस्ता येतो, सगळा, दाणा न् दाणा,
आणि मला पाठ आहे हेच मी विसरतो.
चार मिनिटं असेल.
मग टोलनाका.

पारबता रात्री टोरीचं तेल कोमट करते.
अंगठा रुतवून विचारते,
"अठी?"
"नहर."
"अठी?"
"शाळा."
तिला हसू येतं. मलाही, पण हसलं की कळ निघते.
मग खांद्यांच्या मधे थांबते,
"आन् हे वो? अठी काहीच नाई."
"तो हायवे."
ती हात तिथे ठेवून देते थोडा वेळ,
तेल थंड होईस्तोवर.

उद्या सर्व्हिसिंग.
अंशुल म्हणाला, काका, अजून दोन बोटं खाली करून घेऊ,
भारी दिसंल.
मी हो म्हटलं.
म्हणताना गुडघे आपोआप वाकले.