गळती

अहवालात या मुलांसाठी एकच शब्द असतो : गळती.
नळाची असावी तशी, छपराची असावी तशी.
गेल्या साली पहिल्या सत्रात एकशे बारा थेंब.

मी बादली धरून बसते.
केंटकीच्या डोंगरात, बंद पडलेल्या खाणीच्या पायथ्याशी
दोन इमारतींचं आमचं कॉलेज;
तळमजल्यावर माझी खोली, खोकणारा हीटर,
आणि पडद्यावर नऊशे चाळीस ठिपके :
हिरवे, पिवळे, लाल.
हिरव्यांकडे कुणी बघत नाही.
घरातल्या शहाण्या लेकराचं होतं, तसंच त्यांचं.

माझं काम वाक्यं लिहिणं.
मुलांच्या फोनवर रात्री-बेरात्री जो बोलतो
तो ऑटर, कॉलेजच्या टोपीवरचं पाणमांजर,
त्याच्या तोंडची वाक्यं माझी.
‘फीसवलतीचा अर्ज शुक्रवारी बंद होतोय.
पाचवा रकाना किचकट आहे, अडलास तर विचार.’
डीन म्हणतात, जरा औपचारिक हवं.
मी हो म्हणते
आणि तसंच ठेवते.

ब्रायसन कॉडिलचा ठिपका आधी पिवळा झाला,
मग लाल.
नऊ दिवस लॉगिन नाही, रसायनाचे दोन प्रयोग बुडाले.
यंत्राला एवढंच कळतं : आला नाही.
का आला नाही, हा रकाना कुणी आखलेला नाही.

ऑटरनं विचारलं : ‘दिसला नाहीस. ठीक ना?’
उत्तर आलं पहाटे दोन चाळीसला :
‘तू माणूस आहेस?’
ऑटर खोटं बोलत नाही, तेवढं मी बघितलंय.
‘नाही. माणूस हवं असेल तर सकाळी आठला ट्वायला असते.’
‘नको. माणूस नको.’

आणि मग, माणूस नव्हतं म्हणूनच बहुधा,
ओळीमागून ओळ :
डॅडींचं डायलिसिस मंगळवारी आणि गुरुवारी,
तास जायला, तास यायला,
गाडी एक, चालवणारा मी.
लॅबही मंगळवारीच.
रात्री पेट्रोलपंप.
त्यात पार्किंगचा दंड, सदतीस डॉलर,
तो भरेस्तोवर पुढच्या सत्राला नाव लागत नाही.
घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला.
परत येऊन बसलो तर कुणी काही म्हणणार नाही,
सरकून जागाच देतील.

यावर ऑटरकडे वाक्य नव्हतं.
मी लिहिलंच नव्हतं.
तो म्हणाला, ‘मला नीट कळलं नाही. पुन्हा सांगशील?’

सकाळी आठला हे वाचताना
माझे कान तापले.

अठ्ठ्याण्णव साली याच कॉलेजातून मी गळले.
दोन महिने टपालपेटीत बघत होते.
एकच पत्र आलं, खिडकीच्या लिफाफ्यातलं :
वनस्पतिशास्त्राचं पुस्तक परत करा.
नाही केलं.
अजून आहे माझ्याकडे,
नेच्यांच्या पानावर दुमडलेलं.

दंडासाठी कॉलेजचा एक अडीअडचणीचा गल्ला आहे;
तो उघडायला तीन सह्या लागतात, दोन मी धावत आणल्या,
तिसरी डीनची, ते जेवायला गेले होते, तिथे जाऊन आणली.
लॅबच्या रॅटलिफबाई म्हणाल्या,
बुधवारी एक टेबल रिकामं आहे,
फक्त त्याचा नळ गळतो.

मग मी त्याला लिहिलं, माझ्या नावानं.
चार ओळींना पाऊण तास लागला.
उत्तर नाही.

बुधवारी उगाचच मी वरच्या मजल्यावर गेले.
काचेतून दिसला :
मोठा चष्मा, झोप न झालेली मान,
बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.
खाली आले तर ठिपका अजून लालच.
यंत्राला ओल्या बाह्या दिसत नाहीत.

ते एक वाक्य मात्र मी खोडणार होते,
‘मला नीट कळलं नाही’ वालं.
खोडण्याआधी पुढची पानं वाचली.
त्यानं पुन्हा सांगितलं होतं.
सगळं, पहिल्यापासून,
लहान मुलाला सांगावं तशा
जरा सोप्या शब्दांत.

राहू दिलं वाक्य.
लाल अजून तेवीस आहेत.