सांधा

पेल्याचे भाग चार:
झाकण, रबराची कडी, पोलादी अंग,
आणि आट्यांवर बसणारं बूड.
बुडाच्या पोटात नखाएवढी सर्किटची पट्टी
आणि शर्टाच्या गुंडीएवढा सेल.
ऐंशीच्या घरातल्या बोटांनी
सगळं अलगद सुटायला हवं,
आणि बसलं की थेंबाने आत शिरता कामा नये.
ह्या दोन वाक्यांच्या मध्ये
माझी अडीच वर्षं गेली.

त्सुबामे गावात बर्फ कधी कधी आडवा पडतो.
पत्र्याच्या छपरांखाली पॉलिशची चाकं घुमत असतात,
आणि त्या कामातल्या माणसांची नखं
एकदा काळी झाली की काळीच राहतात.
तोकुजी सेकिने यांना काम सोडून अकरा वर्षं झाली.
त्यांचीही अजून काळीच.

त्यांना तहान लागत नाही.
लागते, पण निरोप पोचत नाही,
असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
म्हणून पेला क्रमांक सात त्यांच्या घरी.
तो वजन मोजतो, कल मोजतो,
तासभर कुणी उचललं नाही
तर बुडाशी केशरी उजेड धरतो.
आवाज मी मुद्दामच ठेवला नाही.
वाजणाऱ्या वस्तू म्हाताऱ्यांवर खेकसतात.

ऑफिसात आलेख छान चढला होता.
दिवसाला नऊशे मिली!
ओगावाने तो छापून भिंतीवर लावला.
मला मात्र एक नोंद टोचत राहिली:
पहाटे पाच चाळीस, एकशे वीस मिली,
तीन सेकंदांत.
असं दिवसातून पाचदा.
तीन सेकंदांत एवढं माणूस पीत नाही, मोरी पिते.

मी गळती धरून बसले.
रबर बदललं. आटे खोल केले.
पुन्हा रबर बदललं.
पुन्हा पाच चाळीस.

शेवटी अंधारातच त्यांच्या दारात उभी राहिले.
स्वयंपाकघरात दिवा होता.
सेकिनेसान नळाखाली पेला अर्धा भरत,
सगळं पाणी एका दमात ओतून टाकत,
आणि पेला दिव्याकडे तिरपा धरून
आत डोकावून बघत.

‘या, इगाराशीसान. हे बघा.
पाणी सगळीकडून सरळ उतरतं,
इथे मात्र थेंब थांबायचा.’
त्यांचं काळं नख माझ्या सांध्यावर टेकलं,
जिथे बूड अंगाला भेटतं तिथे बरोबर.
‘थेंब थांबला म्हणजे काम राहिलं.’

चॉपस्टिकच्या टोकाला फडकं गुंडाळून,
फडक्याला हिरवा लेप लावून
दीड महिना ते माझी चूक घासत होते.
आता थेंब थांबत नाही.
मी तीनदा ओतून पाहिलं.
नखाला खाच लागत नाही,
आणि आपलंच काम दुसऱ्याने पुरं केलेलं पाहताना
कान तापतात, तसे तापले.

मग मनातल्या मनात वजाबाकी झाली.
पाच गुणिले एकशे वीस.
नऊशेतून सहाशे गेले.
माणूस तीनशेवर जगत होता
आणि आम्ही त्याचा आलेख भिंतीवर लावला होता.

‘आणि पिण्याचं काय?’ मी विचारलं.
त्यांना प्रश्नच कळला नाही.
‘पाणी ना? पाणी उत्तम आहे.
खोटं दाखवत नाही.’

मी पेला भरला,
फळीवरून दुसरा, साधा, काचेचा घेतला,
तोही भरला, आणि बसले.
पाहुणी पिते आहे म्हटल्यावर
यजमानाला प्यावंच लागतं.
बाहेर बर्फ काढणारी गाडी गेली,
तिच्या खडखडाटात आम्ही दोघं
काही न बोलता घोट घेत राहिलो.

त्या पहाटेची नोंद माझ्याकडे आहे.
सहा वाजून दोन मिनिटं, तीस मिली, अकरा सेकंद.
सहा वाजून नऊ, पंचवीस मिली.
समोर कुणी बसलं होतं
हे पेल्याला मोजता आलेलं नाही.
त्यासाठी कुठला भाग लावावा
हे मला अजून सुचत नाही.

इतक्या घासण्याने
बूड आता अर्धा आटा जास्त फिरतं,
आणि केशरी उजेड
किंचित डावीकडे सरकलाय.
क्रमांक आठच्या नकाशात
मी तो तिथेच ठेवला.