चौथ्या खांबाचा सांधा

ग्रिनेलपासून अकरा मैलांवर, मक्याच्या ऐन मधोमध
मनोरा उभा आहे चिनीमातीच्या एका पायावर.
त्याच्यावर ॲन्टेना नाही, तोच ॲन्टेना.
हात लावू नकोस, लव्हर्न म्हणाला,
पाच हजार वॅट आहेत त्याच्यात
आणि तू जमिनीवर उभी आहेस.

तक्रार साधी होती:
दिवसा नेटवर्क पडतं, रात्री आपोआप उठतं.
माझ्या आधी आलेल्याने दोनदा स्विच बदलला,
तिसऱ्यांदा उंदरांवर ढकललं.

मी उलट्या बादलीवर बसले, लॅपटॉप मांडीवर,
चुकांचा आकडा बघत.
डुकरांचे भाव सुरू झाले, आकडा चढला.
निवेदिका कशाला तरी हसली, अजून चढला.
ती श्वास घ्यायला थांबली
तसा तोही थांबला.

दिवस मावळला. कायद्याप्रमाणे
स्टेशनने आपली ताकद उतरवली,
रात्री आभाळ लांबचं ऐकतं,
कुणा परक्याच्या लहरीवर पाय पडायला नको.
आणि स्विचवरचा दिवा
ताप उतरलेल्या पोरासारखा
हिरवा, एका लयीत लुकलुकू लागला.
उंदीर निर्दोष होते.

केबल तशी महागातली, आत चांदीसारखी पन्नी.
सोवळं नेसलेली म्हणा ना.
पण सोवळ्याचा सोगा उंबऱ्याबाहेर लोळत होता:
दोन्ही टोकांना पन्नी कापून
कुणी नुसतेच प्लॅस्टिकचे प्लग बसवलेले.
'अर्थच दिला नाही याला,' मी मराठीतच म्हणाले.
लव्हर्नला कसं सांगू
की हा शब्द आमच्याकडे वायरमनही वापरतो
आणि मराठीच्या बाईही.
अर्थ नसलेलं आवरण स्वतःच ऐकायला लागतं
आणि ऐकलेलं सगळं आत नेऊन सांगतं.

तीन दिवस गेले.
भिंतीवर तांब्याची पाटी ठोकली,
आत शिरणारी प्रत्येक तार तिला भेटूनच पुढे.
फेराइटची काळी कडी, पाटल्यांसारखी जड,
त्यांतून केबलचे वेढे घेतले.
पाचव्याला आकडा निम्म्यावर आला,
आठव्याला बोटं आखडली, नववा लव्हर्नने घातला.
खोलीपासून मनोऱ्यापर्यंत काचेची तार टाकली.
काचेला कान नसतात.

उरला फाटकावरचा कॅमेरा, जुन्या तांब्यावर.
त्याच्या दिवसाला सहा-सात चुका. फार नाहीत,
पण दातात अडकलेल्या बडीशेपेसारख्या.
छोटा रिसीव्हर घेऊन मी कुंपणाकडेने निघाले,
गुडघाभर गवतातून, चिकटे सॉक्सना डसत.
चौथ्या खांबाशी रिसीव्हर बंद केला
तरी आवाज येत राहिला.

तार बोलत होती.
गंजलेल्या पिळातून, डासाएवढ्या गळ्याने,
सकाळच्या निधनवार्ता.
नाव, वय, कुठल्या चर्चमध्ये, किती वाजता,
नंतर जेवण आहे.

बाकीचे सगळे सांधे घासलेले,
खांबामागून खांब, चकचकीत क्लॅम्प.
'हाच राहिला?' मी विचारलं.
'हाच राहिला.'
त्याने टोपी काढली, आतली घडी नीट केली, परत घातली.
मग बऱ्याच वेळाने,
'डार्लीनचं नाव वाचायचे होते त्या दिवशी.
मला ऐकायचं नव्हतं. घरी रेडिओ होता
म्हणून इथे आलो, गवत कापायला.'

मी पाना पिशवीत टाकला.
अहवालात लिहिलं:
उर्वरित चुका किरकोळ. दुरुस्तीची गरज नाही.
कारणाचा रकाना मात्र
भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना,
म्हणून लिहिलं, हवामान.

निवेदिका आता सोयाबीनवर आली होती.
तार तेही सांगत होती.