सात सेकंद

रविवारी चार वाजता मी फोन
साखरेच्या डब्याला टेकवून उभा करते,
येर्बाचा कडू चहा तुंबडीत भरते
आणि वही उघडते. चौकटीची, गणिताची.
रेघी वहीत माझं अक्षर लाजतं.
एकतीस वर्षं पोस्टात
लोकांचे अर्धवट पत्ते लावत बसले,
माझ्या वाक्यांना मात्र अजून
घर नंबर सापडत नाही.

भिंतीपलीकडे वाल्देमार.
त्याचा रेडिओ, अँटेनाच्या जागी
बायकोची विणायची सुई खोचलेला,
नदीवरच्या वाऱ्यात खरखरणारा.
सामना तोच, मैदान तेच, चेंडूही तोच.
पण गोल त्याच्याकडे आधी होतो.
माझ्या पडद्यावर आमचा पोरगा
अजून मध्यरेषेजवळ मोजे वर ओढत असतो
आणि भिंत ओरडते: गोऽऽऽल!
सात सेकंद. अंडी उकडायच्या घड्याळावर
मोजलेत मी, तीन रविवार.

भाचा म्हणाला, मावशी,
चित्र आधी आभाळात जातं,
मग कुठल्याशा थंड खोलीत चिरलं जातं,
तुकडे जोडत जोडत फ्राय बेंतोसला पोचतं.
वेळ लागणारच.
मी म्हटलं, आमच्या टपालाला आठवडा लागायचा,
पण पत्र कुणी चिरत नव्हतं.

आधी राग यायचा.
मिटल्या पाकिटातलं कुणी मोठ्यानं वाचून दाखवावं, तसा.
मग सवय झाली. गोल होणार हे कळलेलं,
कुणाच्या पायातून ते नाही.
त्या सात सेकंदांत मी एक ओळ लिहू लागले.
'गोलकीपर बेकरीतल्या पोरासारखा उभा,
हात पसरून, पीठ संपलेलं.'
'लाइनमनचा झेंडा, माझ्या आईचा रुमाल,
दोन्ही पडले नाहीत कधी.'
अशा. चांगल्या आहेत असं नाही,
पण निवांत बसून लिहिलेलं माझं सगळं
पोस्टाच्या नोटिशीसारखं दिसतं.
फोनवरही लिहून पाहिलं एकदा.
मी लिहिलं 'विसावा', त्यानं केलं 'विमा'.
पुन्हा लिहिलं. पुन्हा विमा.
शेवटी वाटलं, माझं वय त्याला कळलं असेल.

ऑगस्टातला तो रविवार.
खिडकीच्या काचेवर धुकं, अठ्ठ्याऐंशीवं मिनिट,
पोरगा डावीकडून आत शिरला, मारला,
जाळं हललं.
आणि भिंत गप्प.
पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकघरात
गोल न कळवता आला,
आणि मला ओरडता येईना.
एक.
सुई पडली असेल.
दोन.
सेल संपले असतील.
तीन. सकाळी त्याच्या अंगणातली पावाची पिशवी
दारालाच लटकत होती का? होती का?
चार.
गोऽऽऽल!

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी भेटला.
मिकाएलानं, नातीनं, माँतेविदेओहून
नवा फोन पाठवलाय म्हणे.
'चित्र बघ, एदिल्मा, घाम दिसतो पोरांचा!'
त्याचं नेट माझ्याहूनही गरीब.
अकरा सेकंद. वरातीमागून घोडं,
आणि त्यामागून वाल्देमार.

तेव्हापासून गोल झाला की
मी चहाची नळी दातांत धरते
आणि चार सेकंद गिळते.
ताकास तूर लागू देत नाही.
त्यानं इतकी वर्षं माझी कधी पर्वा केली नाही,
हेही त्याच चार सेकंदांत आठवतं.
तो ओरडला की मग मीही ओरडते,
दारातलं कुत्रं दोघांवर मिळून भुंकतं.

रेडिओ त्यानं मला देऊन टाकला.
फ्रिजवर आहे, सुईसकट.
लावला तर त्याच्या अकरा सेकंद पुढे मी.
एवढं पुढचं कळून करायचं काय?

लिहिणं मात्र अडलंय.
चार सेकंदांत एक हात तोंडावर असतो,
आणि दुसरा, का कोण जाणे,
पेन्सिलीपर्यंत जात नाही.
या महिन्याच्या पानावर चहाचा एक डाग आहे फक्त.
काल त्याच्याखाली तारीख घातली.